बर्फाच्या पेटीचं बूच

माझा स्वभाव तापट. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात मी कुणाला तरी फैलावर घेईन असं वाटेल, आणि घ्यायला माझ्याशिवाय दुसरं कुणी नाही. पेटी मी केली, बूच मी बसवलं आणि बूच मीच काढलं.

पेटी म्हणजे बर्फाची. आमचं गाव ऐरोलीच्या खाडीला लागून. वडील खाडीत मासे धरायचे, आई ते दारोदार विकायची. मीही काही वर्षं होडीवर होतो. मग खाडीत माशांपेक्षा कारखान्यांचं पाणी जास्त झालं आणि मी जवळच्या पावणे गावातल्या फायबरच्या एका कारखान्यात लागलो. तिथे मासळीच्या पेट्या व्हायच्या. बाहेरून फायबर, आतून फायबर, मधे फोम. भाऊच्या धक्क्यापासून खाली रत्नागिरीपर्यंत कुठल्याही बंदरावर जा, माझ्या हातची एखादी पेटी कुठेतरी पालथी पडलेली असेल आणि तिच्यावर बसून कुणीतरी बिडी ओढत असेल. पुढे मालक थकला, त्याने काम आवरलं, तेव्हा साचे मी घेतले आणि शेजारच्या गाळ्यात स्वतःचं सुरू केलं.

मासळीच्या पेटीचा एक नियम आहे. मला तो वडिलांनी शिकवला, त्यांना त्यांच्या वडिलांनी. 'पानी बसला, म्हावरा नासला.' म्हावरा म्हणजे मासळी. बर्फ वितळतो, पाणी तळाला साचतं, आणि त्या पाण्यात मासा पडून राहिला की दुपारपर्यंत हातातून जातो. म्हणून पेटीला तळाशी भोक हवं, भोकाला बूच हवं, आणि पेटी जागेवर टेकली की पहिलं काम म्हणजे बूच काढायचं. पायातल्या चपला नंतर, बूच आधी. आमच्या घरात हे कुणी कुणाला सांगत नाही, हात आपोआप जातो.

आता मुलगी. एकच आहे, पण इतकी बोलते की घर भरलेलं वाटतं. ती बर्फाचा अभ्यास करते. आपल्या बर्फ-कारखान्यातल्या लादीचा नव्हे, पार उत्तर ध्रुवाकडचा, जो डोंगरावरून सरकत सरकत समुद्रात उतरतो तो. पहिल्यांदा तिने हे सांगितलं तेव्हा मी म्हटलं होतं, "अगं, बर्फच बघायचा तर आपल्या धक्क्यावर काय कमी आहे?" त्यावर ती तीन दिवस माझ्याशी बोलली नाही. तापटपणा तिच्यात कुठून आला ते वेगळं सांगायला नको.

गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात तिचा तिकडे जायचा नंबर लागला. नॉर्वेच्याही वर काही बेटं आहेत. तिथे आपल्याकडचे संशोधक जातात, बर्फात पोकळ पाइप फिरवतात आणि लांबट कांड्या काढतात, उसाच्या असतात तशा. त्या कांड्यांमध्ये थर असतात. कुठल्या साली बर्फ जास्त पडला, कुठल्या साली वितळला, धूर कुठून आला, हे सगळं त्या थरांत लिहिलेलं असतं म्हणे. फक्त कांडी गोठलेली राहायला हवी. एकदा वितळली की थर एकमेकांत मिसळले आणि मग ते नुसतं पाणी, नळाला येतं तसं.

चांगल्या परदेशी पेट्या वरिष्ठांनी घेतल्या. हिच्या वाट्याला काही उरलं नाही. एक दिवस गाळ्यावर आली आणि माझ्यासमोर कागद ठेवला. "बाबा, अशी पेटी करून द्या. तुमच्याइतका बर्फ राखायला कोणाला येतो?"

माझी कॉलर किती ताठ झाली असेल! आयुष्यभर मासळीचा वास घेऊन घरी येणारा माणूस मी, आणि माझी पेटी उत्तर ध्रुवावर जाणार. मी सगळी कामं बाजूला सारली. फोम नेहमीच्या दुप्पट भरला. कडा हाताने घासल्या. झाकणाला तिने एक बारीक वाट ठेवायला सांगितली होती, कारण आत ड्राय आइस ठेवायचा होता. ड्राय आइस म्हणजे वायूचा बर्फ. त्याचं पाणी होत नाही, तो धूर होऊन उडून जातो, त्या धुराला बाहेर पडायला वाट हवी. हे तिने मला नीट समजावलं आणि मीही समजल्यासारखी मान हलवली.

पेटी पूर्ण झाली तेव्हा मी कागद परत पाहिला. तळाला भोक नाही, बूच नाही. मनात म्हटलं, घ्या! झाकणाची वाट आठवली, तळाची विसरली. शिकलेली माणसं अशीच, आकाशातलं सगळं माहीत आणि पायाखालचं दिसत नाही. मी हसत हसत ड्रिल लावलं. रबरी बूच असं घट्ट बसवलं की पक्कडीनेच निघावं. मुलगी न्यायला आली, तिने बूच पाहिलं, "बाबा, हे काय?" म्हणाली. मी म्हटलं, "असू दे गं, लागेल." तिला बॅगा भरायच्या होत्या, विमान गाठायचं होतं. ती म्हणाली, "बरं, घट्ट आहे ना?" आणि पेटी गेली.

अति शहाणा त्याचा बैल रिकामा, ही म्हण माझ्यासाठीच कुणीतरी करून ठेवली असावी.

ती परत आली तो शनिवार होता. मी टेम्पो घेऊन विमानतळावर गेलो. पोरीचा चेहरा उन्हाने आणि बर्फाने दोन्हीकडून भाजलेला, ओठ फुटलेले, पण डोळे असे चमकत होते की मला माझी आई आठवली, पहाटे भरलेली होडी पाहताना तिचे तसेच व्हायचे. प्रयोगशाळेची थंड खोली सोमवारी उघडणार होती. ड्राय आइस वाटेत पुन्हा भरून घेतला होता, तो मंगळवारपर्यंत सहज पुरेल असा तिचा हिशोब. "दोन रात्री घरीच ठेवू, काही टेन्शन नाही," म्हणाली, आणि घरी येऊन वरच्या खोलीत जी झोपली ती सोमवारी सकाळीच खाली उतरली; मधलं जेवण आईने वर नेऊन दिलं.

पेटी आम्ही पुढच्या खोलीत ठेवली. ती फरशीवर टेकली आणि माझा हात गेला. पक्कड आणली, बूच काढलं, खाली ॲल्युमिनियमची पाटी सरकवली. एवढं सगळं मी इतक्या सहज केलं की आज आठवायला गेलो तरी त्यात विचार केल्याचा एकही क्षण सापडत नाही.

पाणी काही आलं नाही. एक थेंब नाही. आला तो पांढरा धूर, गार गार, फरशीवरून अगदी हळू पसरणारा. मी बायकोला हाक मारली. "ये बघायला, उत्तर ध्रुव आलाय आपल्याकडे!" ती आली, पदर सावरून खाली वाकली, हात धरला. मग तिथेच खुर्ची ओढून बसली आणि दोन्ही पाय त्या धुरात सोडले. तिचे गुडघे आणि घोटे कायम सुजलेले असतात, बाजारात उभं राहून राहून. "आई गो," म्हणाली, "काय बरा वाटतंय! चार वर्सांत असा बरा वाटला नाय."

रविवारी सकाळी आळीतल्या बायका आल्या. एकेकीने पाय गार करून घेतले. चहा झाला. हसणं, खिदळणं. कुणी फोनवर व्हिडिओ काढला. मी मधे उभा राहून सगळ्यांना सांगत होतो, "बघा, आपली पेटी! एवढ्या लांबून आली, एक थेंब गळला नाही." छाती अशी फुगली होती. सोमवारी सकाळी टेम्पोत चढवायच्या आधी मी बूच पुन्हा घट्ट ठोकून बसवलं. माझ्या मते कामात कुठे खोट राहिली नव्हती.

संध्याकाळी मुलगी घरी आली ती गप्प. माझी बोलकी मुलगी गप्प, म्हणजे काहीतरी मोठंच. पेटीत तळाशी होत्या तेवढ्याच कांड्या शाबूत निघाल्या. वरच्या सगळ्या वितळल्या होत्या. "विमानाला उशीर झाला ना बाबा, मधे कुठेतरी पेटी उन्हात राहिली असणार," ती म्हणाली, आणि ताटावर बसली पण जेवली नाही.

मग काय! मी त्या विमान कंपनीचा उद्धार सुरू केला. घरात, गाळ्यावर, नाक्यावर, जो भेटेल त्याच्यासमोर. महिनोन्महिने. एकदा तर कंपनीला पत्र लिहायला बसलो. मुलीने कागद काढून घेतला. "जाऊ द्या ना बाबा," म्हणाली. मी तिच्यावरच चिडलो, "तुझ्यासारखी माणसं गप्प बसतात म्हणून यांचं फावतं!" ती कागद घेऊन आत गेली. आज ते वाक्य आठवलं की मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

यंदा हिवाळ्यात आर्क्टिकवर काम करणाऱ्या लोकांची परिषद वाशीला भरायची होती. देशोदेशीचे संशोधक येणार होते. मुलीला तिथे आपलं काम मांडायचं होतं. आणि त्याच परिषदेत, शेवटच्या दिवशी, एक समिती बसून येत्या उन्हाळ्याला तिकडे कोण जाणार ते ठरवणार होती. तिची शिष्यवृत्ती पुढच्या वर्षी संपत होती. यंदा गेली नाही तर अभ्यास अर्ध्यावर राहणार, आणि गेल्या वेळी निम्म्याहून जास्त कांड्या वितळवून आणणाऱ्या मुलीला परत कोण पाठवणार? हे तिने मला सांगितलं नव्हतं. बायकोला सांगितलं, बायकोने मला.

परिषदेच्या तीन दिवस आधी तिने स्वयंपाकघरात आमच्यासमोर भाषणाची तालीम केली, मराठीत. म्हणाली, तुम्हाला कळलं तर कुणालाही कळेल. बायको कोलंबी सोलत होती, मी पाटावर बसलो होतो. मुलगी सांगू लागली की तिकडचा बर्फ कमी झाला तर आपल्याला काय त्याचं. तिथलं पाणी गार होतं, गार झालं की जड होतं, जड झालं की तळाला जातं, आणि तळातळाने वाहत जगभरच्या समुद्रांत जातं. "गार ते जड," ती म्हणाली. "ते वर राहत नाही. खाली बसतं आणि वाट मिळेल तिकडे वाहून जातं."

"हवेचं पण तसंच?" मी सहज विचारलं.

"हो, हवेचं पण. गार हवा..." आणि ती थांबली.

बायकोचं लक्ष कोलंबीत. ती बोलून गेली, "मंग त्या दिवशी माजे पायावर येत व्हता, ता काय व्हता गो? ती तुजी गार हवाच ना?"

गॅसवर चहा उतू गेला तरी कुणी उठलं नाही. मला फरशीवरचा तो पांढरा धूर दिसत होता. माझ्या पोरीने जगाच्या टोकावरून राखून आणलेला गारवा मी आळीभर वाटला होता. आणि वर छाती फुगवून सांगितलं होतं, एक थेंब गळला नाही!

"तुला माहीत होतं," मी म्हटलं.

"विमानाला उशीर झालाच होता, बाबा."

"खोटं बोलू नको."

तेव्हा तिने सांगितलं. सोमवारीच कळलं होतं तिला. शेजारच्या काकूने तिला थांबवून व्हिडिओ दाखवला होता, किती गारेगार वाटलं गं म्हणत. "तुम्हाला सांगून तो बर्फ परत गोठणार होता का?" ती म्हणाली. "आणि आईला इतकं हसताना मी कितीतरी दिवसांनी पाहिलं होतं त्या व्हिडिओत. ते कशाला घालवायचं?"

मी उठलो आणि खाडीच्या बांधावर जाऊन बसलो. फ्लेमिंगो आले होते, चिखलात माना घालून खात होते. लोक गाड्या थांबवून फोटो काढत होते. मी रडलो, सरळ सांगतो. साठी उलटलेला माणूस बांधावर बसून रडतोय म्हटल्यावर दोघं-तिघं वळून बघून गेले. गेले तर गेले.

परिषदेला ती आम्हाला घेऊन गेली. पण आदल्या दिवशी माझ्याकडून शब्द घेतला. "बाबा, कुणी विचारलं तर मी सांभाळीन. तुम्ही फक्त ऐका, जेवा आणि या. बोलायचं नाही. आईची शपथ." बायको म्हणाली, "माजी शपत तू कशाला घालतेस, ते मोडतील ना!" तरी तिने घातली.

वाशीचा तो हॉल म्हणजे दुसरा उत्तर ध्रुवच, इतका एसी. गंमत अशी की बर्फात राहणारी माणसं कुडकुडत होती आणि शाली मागत होती. आमच्या गळ्यात ओळखपत्रांच्या पट्ट्या अडकवल्या. सकाळभर इंग्रजी चाललं होतं. मला शब्द कळत नव्हते, चित्रं कळत होती. बर्फाचा पांढरा डाग दर चित्रात आक्रसत जायचा. एक बाई तिकडच्या कोळ्यांपैकी होत्या, माझ्याच वयाच्या, लोकरीचं जाकीट घातलेल्या. त्या त्यांच्या भाषेत बोलत होत्या आणि एक तरुणी त्याचं इंग्रजी करत होती. त्यांनी एक फोटो दाखवला. किनाऱ्यावर पालथी घातलेली होडी, बुडाला रंग उडालेला. बस, एवढंच. माझी होडी आमच्या बांधाखाली अशीच पडली आहे. मी बायकोकडे पाहिलं, तिने माझा हात दाबला. भाषेची काही गरज लागली नाही.

मग मुलगी उभी राहिली. छान बोलली. मी तिच्या आवाजावरून ओळखत होतो की कुठे धाप लागतेय, कुठे जमलंय. 'गार ते जड' आलं तेव्हा ते मला इंग्रजीतही कळलं. भाषण संपलं, टाळ्या झाल्या. मग मागून एका म्हाताऱ्या गोऱ्या गृहस्थांनी माईक मागितला आणि काहीतरी विचारलं. पडद्यावर कांड्यांची यादी होती, निम्म्याहून जास्त ओळी रिकाम्या. त्यांनी त्या रिकाम्या ओळींकडे बोट केलं.

स्टेजवर अध्यक्ष म्हणून एक आपल्याच बाई होत्या, पांढरे केस, चष्मा दोरीला बांधलेला. येत्या उन्हाळ्याची नावं ठरवणाऱ्या समितीच्या प्रमुख त्याच. त्यांनी पेन उचललं आणि मुलीकडे पाहिलं.

मुलगी खाली बघून दोन वाक्यं बोलली. मला 'माय' आणि 'मिस्टेक' एवढे दोन शब्द कळले. तेवढे पुरे होते.

शपथ गेली खड्ड्यात. मी उभा राहिलो. "ओ मॅडम," मी म्हटलं, आणि आवाज असा घुमला की माईकवाली मुलगी धावत आली. "चूक तिची नाही. पेटी मी केली. तिच्या कागदात भोक नव्हतं, मी पाडलं. पेटी घरी आली तेव्हा बूच मी काढलं, आणि दोन दिवस सगळी गार हवा सोडून दिली. आम्ही मासळीवाले. आमच्यात पेटीचं पाणी काढतात. ती झोपली होती. तिला काही विचारलं नाही मी. जे काय बोलायचं ते मला बोला." बोलताना राग कुणावर येत होता तेच कळत नव्हतं.

मुलीचे डोळे भरले. अध्यक्षबाई तिला म्हणाल्या, सगळ्यांना सांगा ते काय म्हणाले. तिने इंग्रजीत सांगितलं. मी बोललो होतो त्याहून ते जरा लांब वाटलं. ते संपलं आणि तिकडच्या त्या कोळी बाई एकदम मोठ्याने हसल्या. त्या काहीतरी बोलल्या, तरुणीने त्याचं इंग्रजी केलं, आणि आमच्या मुलीने नाक पुसत मराठी केलं. "बाबा, त्या म्हणतायत, त्यांच्याकडेही माशांच्या पेटीला भोक असतं. आणि बूच काढायला विसरलं तर सासू घरात घेत नाही."

सगळा हॉल हसला. अध्यक्षबाई नाही हसल्या. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि पुढच्याला बोलावलं. माझ्या तोंडचं पाणी पळालं. म्हटलं, झालं, उरलंसुरलं पण मीच बुडवलं.

जेवणाच्या वेळी मी ताट घेऊन एका कोपऱ्यात उभा होतो. अध्यक्षबाई सरळ माझ्याकडे आल्या. "बूच दोन दिवस उघडं होतं?" त्यांनी विचारलं. मी मान खाली घालून हो म्हटलं. "शनिवार ते सोमवार? आपल्या हवेत?" पुन्हा हो. "तरी तळाच्या कांड्या गोठलेल्या राहिल्या?" त्या जरा थांबल्या. "फोम किती घातलात हो?" मी सांगितलं. त्यांनी तेही वहीत लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "निवड माझ्या एकटीच्या हातात नाही. पण रिकाम्या ओळींचं कारण आज पहिल्यांदा नीट समजलं. ती नुसतं 'माझी चूक' म्हणाली असती, तर आम्ही तेच धरून चाललो असतो." एवढं बोलून त्या भात वाढून घ्यायला गेल्या.

परत येताना रिक्षात मी मुलीला विचारलं, "माझं एवढंसं बोलणं, तू एवढं लांबलचक काय सांगितलंस?"

आधी सांगेना. मग रस्त्याकडे बघत म्हणाली, "म्हटलं, माझ्या बाबांनी आयुष्यभर बर्फ घालवून मासा राखला. या पेटीत बर्फ हाच मासा आहे, हे मी त्यांना कधी सांगितलंच नाही. ती चूक माझी, आणि तीच मी मघाशी म्हणत होते."

बायको मधे बसली होती. तिने एक हात माझ्या मांडीवर ठेवला, एक मुलीच्या.

निवडीचं पत्र पंधरवड्याने आलं. मुलीने फोनवर वाचलं, पुन्हा वाचलं आणि जिन्यातूनच ओरडली. तिचं नाव होतं. मी दुसऱ्याच दिवशी गाळ्यावर गेलो. यंदाची पेटी तिच्या कागदाबरहुकूम, रेघ इकडची तिकडे नाही. पूर्ण झाल्यावर माझा अंगठा तळाशी फिरून आला, शोधत. भोक नव्हतं. तरी माझा माझ्यावर विश्वास नाही, म्हणून लाल रंगाने मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'या पेटीला बूच नाही. शोधू नये.' मुलगी म्हणाली, नॉर्वेत कुणाला वाचता येणार आहे हे? मी म्हटलं, "त्यांच्यासाठी नाही लिहिलं."

ती उन्हाळा संपता संपता परत आली. नेमका पुन्हा शनिवार, पुन्हा रविवारची सुट्टी जोडून. पुन्हा पेटी पुढच्या खोलीत. मी तिच्यापासून चार हात लांब खुर्ची टाकून बसलो, राखणीला. आळीतल्या बायका डोकावल्या, त्यांना दारातूनच वाटेला लावलं. बायको सुजलेले पाय चोळत म्हणाली, "जरासा झाकन उगडा ना, येवढासा. पाय लय ठनकतान." मी म्हटलं, "पंखा लाव." ती हसली आणि पेटीकडे पाठ करून बसली.

सोमवारी मुलगी पेटी घेऊन गेली. दुपार झाली, फोन नाही. मी गाळ्यावर गेलोच नाही. जेवण झालं, ताट उचललं, तरी फोन नाही. चार वाजून गेल्यावर वाजला. तिच्या मागे कुणीतरी जड दार बंद केल्याचा आवाज आला.

"बाबा," ती म्हणाली. "सगळे मासे ताजे आहेत."

मी फोन कानाला तसाच धरून बसलो. बायकोने कोलंबीचे हात तसेच धरून विचारलं, "काय म्हनते? सांगा ना! हाय ना सगला नीट?"

"ताजे आहेत म्हणते," मी म्हटलं. "सगळे."